ब्रेक मारण्याआधी शब्द ठरवा

गेल्या पावसाळ्यातली एका शनिवारची संध्याकाळ. माझ्या पूल-स्नूकरच्या हॉलमध्ये दोन मुलगे टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते. दोघेही कॉलेजातले, दोघेही रोजचे. एकाने आठ नंबरच्या बॉलवर नेम धरला होता. आठ पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला आणि पांढरा बॉल मात्र मधल्या पॉकेटमध्ये गेला. दुसरा म्हणाला, तू हरलास. पहिला म्हणाला, आठ आत गेलाच नाही, मग हरलो कसा? शेवटी दोघे माझ्याकडे वळले. "काकी, पळय गो, ताणें धवी घाली!" म्हणजे, बघ गं, त्याने पांढरी घातली.

मी काउंटरवरून उठले आणि विचारलं, खेळायला लागलात तेव्हा काय ठरलं होतं? काहीच ठरलं नव्हतं. एक जण कळंगुटच्या एका बारमध्ये शिकला होता, दुसरा मोबाइलवर सामने बघून. फाउल, स्क्रॅच, बॉल इन हँड हे शब्द दोघांच्याही तोंडी होते, पण अर्थ प्रत्येकाचा आपापला. हॉलमधली बहुतेक भांडणं अशीच असतात. चुकीच्या फटक्यावरून सहसा कोणी भांडत नाही, भांडतात ते शब्दावरून. म्हणून नव्याने खेळायला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

फोंड्यात हा हॉल चालवायला लागून मला चौदा वर्षं झाली. दोन पूल टेबलं आहेत आणि आतल्या खोलीत एक जुनं बारा फुटी स्नूकर टेबल. ते मी बाबांसाठी घेतलं. बाबा मुंबईतल्या एका जिमखान्यात सव्वीस वर्षं मार्कर होते. मार्कर म्हणजे नुसता गुण मांडणारा नव्हे. बॉल पुसणं, कापडाला ब्रश आणि इस्त्री करणं, टिप बदलणं, फाउल सांगणं आणि नव्या मेंबराला हात धरून शिकवणं, हे सगळं त्याच्याकडे असतं. विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय, आणि जन्म पुण्यातला. त्यांचं नाव निघालं की बाबा हातातलं काम थांबवून बोलायचे.

बाबांनी मला शिकवलं ते एका नेमाने. एक शब्द, एक फटका. शब्द मोठ्याने म्हणायचा, तो फटका दहा वेळा मारायचा, मगच पुढचा शब्द. मी मुलांना आजही तसंच शिकवते. पुढचंही तसंच वाचा, जमलं तर हातात स्टिक घेऊन.

आधी टेबल ओळखा

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स हे तीन वेगळे खेळ आहेत. आपल्याकडे तिन्हींना मिळून कोणी बिलियर्ड्स म्हणतं, कोणी पूल, आणि घोळ तिथून सुरू होतो. कारण एकच गोष्ट एका खेळात गुण मिळवून देते आणि दुसऱ्यात फाउल ठरते. 'इन-ऑफ' घ्या. पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला लागून स्वतःच पॉकेटमध्ये गेला की इन-ऑफ. बिलियर्ड्समध्ये तो मुद्दाम मारतात. लालला लागून गेला तर तीन गुण, समोरच्याच्या बॉलला लागून गेला तर दोन. स्नूकरमध्ये तेच केलंत तर फाउल, समोरच्याला कमीत कमी चार गुण. पूलमध्येही फाउलच, आणि तिथे त्याला अमेरिकन नावाने 'स्क्रॅच' म्हणतात. आमच्या हॉलमध्ये तिन्हींसाठी एकच वाक्य चालतं, "व्हाइट गेली." मी पुढे व्हाइटच म्हणणार आहे आणि ती स्त्रीलिंगीच ठेवणार आहे, कारण टेबलाभोवती सगळे तसंच बोलतात.

ओळखायचं कसं? बॉल मोजा. बिलियर्ड्सला तीनच बॉल असतात, एक पांढरा, एक पिवळा आणि एक लाल. स्नूकरला व्हाइट धरून बावीस: पंधरा लाल आणि सहा रंग. पूलला व्हाइट धरून सोळा, त्यांतल्या पंधरांवर नंबर. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा, म्हणून हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. पॉकेटांची तोंडंही वेगळी. पूलचं पॉकेट तोंडाशी कोनात कापलेलं असतं, स्नूकरचं गोलसर वळलेलं. पॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या त्या कडांना 'जॉ' म्हणतात. पूलवर कडेला घासून गेलेला बॉल बऱ्याचदा आत पडतो. स्नूकरवर तोच बॉल जॉमध्ये दोनदा हलून बाहेर उभा राहतो. पूलवर वर्षभर खेळलेला मुलगा पहिल्यांदा आतल्या खोलीत येतो तेव्हा त्याला हे समजायला एक संध्याकाळ लागते.

स्नूकर हा खेळ इंग्लंडमधून आला असं पुष्कळांना वाटतं. तो जन्मला जबलपूरला, १८७५ साली, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने काळ्या बॉलच्या एका जुन्या खेळात आणखी रंगीत बॉल घातले. वूलिचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवशिक्या मुलांना 'स्नूकर' म्हणायची पद्धत होती. एका जोडीदाराचा सोपा पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालायचा फटका, हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच म्हटलं, आणि तेच खेळाचं नाव झालं. आज 'स्नूकर लागला' म्हणजे ज्या बॉलला मारायचं आहे त्याच्या आणि व्हाइटच्या मध्ये दुसरा बॉल आडवा आला, सरळ रेषा बंद झाली. पूलवाले याच अडचणीला 'हुक' म्हणतात.

हातातल्या वस्तू

स्टिक म्हटलं तरी चालेल, क्यू म्हटलं तरी चालेल. क्यू हा फ्रेंच शब्द, अर्थ शेपूट. पूर्वी रुंद डोक्याच्या दांडक्याने बॉल ढकलत. बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, चिकटला की ते डोकं तिथे मावत नसे, म्हणून दांडकं उलटं करून शेपटाने मारत. पुढे ते शेपूटच राहिलं. मडगावचे एक म्हातारे गिऱ्हाईक अजून क्यूला 'ताकु' आणि खेळाला 'बिल्यार' म्हणतात, पोर्तुगीज काळातले शब्द. मुलांना मी सांगते, ते आले की त्यांच्याच शब्दांत बोला.

क्यूच्या टोकाला असते ती चामड्याची 'टिप'. पूलची साधारण १२ ते १३ मिलिमीटर, स्नूकरची ९ ते १०. मागचा जाड भाग म्हणजे 'बट'. टिप सपाट आणि गुळगुळीत झाली की घसरते, आणि टिप घसरून फटका वाया गेला की तो 'मिसक्यू'. त्यासाठी चॉक. हा निळा चौकोन शाळेतला खडू नाही. स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघा अमेरिकनांनी १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यात वाळूतला सिलिका आणि घासकागदासारखा खरबरीत पदार्थ असतो, म्हणून तो चामड्याला पकड देतो. चॉक टिपवर कुंकू लावावं तसा हलक्या हाताने सगळीकडे लावायचा. चौकोनाला मध्ये खळगा पडेपर्यंत टिप गरगर फिरवू नका, त्याने कडा कोऱ्या राहतात आणि मिसक्यू होतो तो कडेनेच.

'ब्रिज' या शब्दाकडे लक्ष द्या. डाव्या हाताची बोटं टेकवून क्यूसाठी जी खाच करतो ती ब्रिज. पण अमेरिकन खेळाडू लांबच्या फटक्यासाठी वापरायच्या दांडीलाही ब्रिज म्हणतात. आपल्याकडे त्या दांडीला 'रेस्ट' म्हणतात, आणि मधला बॉल ओलांडायला उंच पायांची असेल तर 'स्पायडर'.

गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की क्यू हाताला चिकटतो. पुष्कळ जण पावडर लावतात. कृपा करून लावू नका, ती कापडावर सांडते आणि बॉलवर चढते. दांडा ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने, आणि हात साबणाने धुवा. ओल्या दिवसांत कापडही जड होतं. मे महिन्यात टेबल ओलांडून जाणारा फटका जुलैत अर्ध्यावर दम टाकतो. 'टेबल स्लो आहे' असं कोणी म्हणालं तर तो हरल्याचं कारण देत नसतो, पावसाळ्यात ते खरंच असतं. स्नूकरच्या कापडाला लव असते, तिला 'नॅप' म्हणतात. मी रोज सकाळी ब्रश फिरवते तो एकाच दिशेने, बॉकच्या, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या, टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे. उलटा फिरवला तर लव उभी राहते आणि हळू जाणारा बॉल रेषा सोडतो.

व्हाइटचे चार शब्द

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस बघतो रंगीत बॉलकडे, तो गेला का, एवढंच. पण तो गेल्यावर पुढचा फटका कुठून मारणार, हे व्हाइट ठरवते. तिला हव्या त्या जागी नेण्याला 'पोझिशन' म्हणतात. पोझिशन चार शब्दांवर उभी आहे: स्टन, फॉलो, स्क्रू, साइड. हे चार जमले की बाकी सगळे शब्द आपोआप समजतात. म्हणून इथे घाई करू नका. मला या चारांना तीन महिने लागले.

आधी एक पट्ट्याचा बॉल घ्या, नऊ ते पंधरामधला कुठलाही, आणि व्हाइटच्या जागी ठेवा. पट्टा उभा राहील असा. मधोमध, टिकली लावायच्या जागी, हळू मारून समोरच्या कुशनपर्यंत पाठवा. पट्टा सरळ उभा राहून गडगडत गेला तर हात सरळ आहे. डुगडुगला तर तुम्ही नकळत बाजूला मारताय. हा सराव केल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही.

आता व्हाइट आणि रंगीत बॉल एका रेषेत ठेवा, मध्ये दोन वीत अंतर. व्हाइटला बरोबर मध्ये, ठामपणे मारा. ती रंगीत बॉलला लागेल आणि तिथेच थांबेल. हा 'स्टॉप शॉट'. टक्कर झाली त्या क्षणी व्हाइट पुढे किंवा मागे फिरत नव्हती, नुसती घसरत होती, म्हणून सगळा जोर पुढच्या बॉलला देऊन मोकळी झाली. याच घसरत्या टकरीला 'स्टन' म्हणतात. रेषा सरळ नसून बॉल तिरका कापायचा असेल तर स्टन केलेली व्हाइट रंगीत बॉलच्या वाटेशी काटकोन करून जाते. हा काटकोन पाठ करा. व्हाइट पॉकेटकडे जाणार का, दुसऱ्या बॉलवर आदळणार का, हे फटक्याआधी त्यावरून दिसतं.

अंतर दोन हात केलं तर मध्ये मारून स्टॉप होत नाही. कापड घासून व्हाइट वाटेतच पुढे गडगडायला लागते. म्हणून लांबच्या स्टॉपसाठी मध्यापेक्षा खाली मारायचं, म्हणजे उलटी फिरकी वाटेत झिजते आणि टकरीच्या वेळी व्हाइट पुन्हा घसरत असते. किती खाली, हे अंतरावर, जोरावर आणि त्या दिवशीच्या कापडावर. हे हाताला कळावं लागतं.

मध्यापेक्षा वर मारलं की व्हाइट टकरीनंतरही त्याच दिशेने पुढे जाते, हा 'फॉलो'. खाली मारलं आणि उलटी फिरकी टकरीपर्यंत टिकली की ती मागे येते. त्याला आपल्याकडे 'स्क्रू' किंवा 'बॅक' म्हणतात, अमेरिकन 'ड्रॉ'. मुलांना स्क्रूचं भारी वेड. पहिल्याच दिवशी म्हणतात, काकी, बॅक शिकव. आणि क्यूचा बट उचलून वरून खाली टोचतात. तसं केलं की कापड फाटतं. क्यू शक्य तितका आडवा ठेवा, ब्रिज खाली घ्या, आणि बॉल लागल्यावर क्यू थांबवू नका, वीतभर पुढे जाऊ द्या. पुढे जाऊ देणं म्हणजे 'फॉलो थ्रू'. फॉलोशी त्याची गल्लत करू नका. फॉलो ही व्हाइटची चाल, फॉलो थ्रू ही हाताची.

चौथा शब्द 'साइड'. व्हाइटच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला मारून दिलेली फिरकी. अमेरिकेत हिलाच 'इंग्लिश' म्हणतात, त्यामुळे व्हिडिओत कोणी 'लेफ्ट इंग्लिश' म्हणालं तर भाषेचा विषय नाही, डावी साइड. साइडचा खरा परिणाम कुशनवर दिसतो. उजवी साइड देऊन सरळ कुशनवर मारलेली व्हाइट परतताना उजवीकडे वळते. कुशनवरून सुटताना साइड व्हाइटच्या जाण्याच्या बाजूला मदत करत असेल तर ती 'रनिंग साइड', व्हाइट पळते. उलट असेल तर 'चेक साइड', व्हाइट दबते. पण साइड देताच व्हाइट नेमाच्या रेषेतून किंचित उलट्या बाजूला सरकते, म्हणजे सोपा पॉटही चुकतो. म्हणून माझं मत: पहिले सहा महिने साइडला हात लावू नका. स्टन, फॉलो, स्क्रू एवढ्यावर पुष्कळ लांब जाता येतं.

कट आणि टक्कर

किती बॉल झाकून मारला त्यावरून कोनाची नावं आहेत. पूर्ण समोरून तो 'फुल बॉल'. व्हाइटचा मध्य रंगीत बॉलच्या कडेवर धरला तर 'हाफ बॉल', आणि मग रंगीत बॉल व्हाइटच्या रेषेपासून ३० अंशांनी निघतो. नुसतं निसटतं स्पर्शून गेलं तर 'थिन'. हाफ बॉल आधी घोटा, कारण नेम धरायला कड डोळ्यांना स्पष्ट दिसते. बाकी कोनांसाठी 'घोस्ट बॉल' मनात आणा. पॉकेटच्या रेषेत, रंगीत बॉलला मागून चिकटलेली एक न दिसणारी व्हाइट आहे असं समजा. खऱ्या व्हाइटचा मध्य तिच्या मध्यावर पाठवायचा.

कॅरम खेळत वाढलेल्याला पुढचे शब्द जड जाणार नाहीत. कॅरममध्ये समोरच्या फळीवरून स्ट्रायकर परत आणून सोंगटी घेतो ना, तसं व्हाइट आधी कुशनला आणि मग बॉलला लागली तर 'किक'. रंगीत बॉलच कुशनवरून उलटून पॉकेटमध्ये गेला तर 'बँक', स्नूकरवाल्यांचा 'डबल'. एक रंगीत बॉल दुसऱ्याला ढकलून आत घालतो ते पूलमध्ये 'कॉम्बिनेशन', स्नूकरमध्ये 'प्लांट'. किक आणि बँक यांची अदलाबदल सगळ्यात जास्त होते. कुशनला आधी कोण गेलं, एवढंच बघा. व्हाइट गेली तर किक.

व्हाइट एका बॉलला लागून दुसऱ्याला लागते ते 'कॅनन', बिलियर्ड्समध्ये त्याचे दोन गुण. अमेरिकन त्याला 'कॅरम' म्हणतात, आपल्या बोर्डाच्या खेळाचं नाव त्याच घराण्यातलं. हा शब्द फ्रेंच आणि स्पॅनिशमधल्या 'कारांबोल', 'कारांबोला' यांपासून आला, आणि फ्रेंचमध्ये बिलियर्ड्सच्या लाल बॉललाही कारांबोल म्हणत. आता बाजारात करमल मिळतं बघा, आडवं कापलं की चांदणी होते ते आंबट फळ. त्याला पोर्तुगीज कारांबोला म्हणतात, आणि पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या मराठी करंबळवरून उचलला. काही कोशकार खेळातला कारांबोलाही याच फळाशी जोडतात. बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी आठवीत होते, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून करमलं आणून टेबलाच्या कडेला ठेवली होती.

'जंप' म्हणजे व्हाइट उडवून मधला बॉल ओलांडणं आणि 'मासे' म्हणजे क्यू जवळजवळ उभा धरून व्हाइटला वळण देणं. माझ्या टेबलांवर दोन्ही बंद आहेत. कापड बदलायला खर्च फार येतो. स्नूकरमध्ये तर जंप फाउलच.

फाउल, आणि त्या शनिवारचा निकाल

सगळ्यात जास्त खेळला जातो तो एट-बॉल, म्हणून नियम त्याचे सांगते. ट्रँगलमध्ये बॉल लावणं म्हणजे 'रॅक'. पहिला बॉल ठिपक्यावर, आठ मधोमध, मागच्या दोन कोपऱ्यांत एक पट्ट्याचा आणि एक सबंध रंगाचा. पहिला फटका 'ब्रेक'. त्यात एखादा बॉल पॉट झाला पाहिजे किंवा निदान चार बॉल कुशनपर्यंत पोचले पाहिजेत, नाहीतर ब्रेक धरत नाहीत. स्नूकरमध्ये मात्र 'ब्रेक' म्हणजे एका पाळीत सलग जमवलेले गुण. तिथे शंभराचा ब्रेक झाला म्हणतात आणि साधारण सगळ्यात मोठा ब्रेक १४७ चा.

ब्रेकनंतर टेबल 'ओपन' असतं, म्हणजे कोणाचे पट्ट्याचे आणि कोणाचे सबंध हे ठरलेलं नसतं. ब्रेकमध्ये काहीही गेलं तरी ओपनच. त्यानंतर जो पहिला बॉल नियमाने पॉट होईल त्यावरून गट ठरतो. मुलं इथे हमखास भांडतात.

फाउल कशाकशाने होतो? व्हाइट पॉकेटमध्ये गेली. आधी आपल्या गटाच्या बॉलला लागली नाही. बॉल टेबलाबाहेर उडाला. क्यू व्हाइटला दोनदा लागला, म्हणजे 'डबल हिट'. दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा: व्हाइट दुसऱ्या बॉलला लागल्यानंतर एकही बॉल पॉट झाला नाही आणि एकही बॉल, व्हाइट धरून, कुशनला लागला नाही. नुसतं अलगद चिकटवून ठेवलं तर ते फाउल आहे. समोरच्याला अवघड जागी सोडण्याला 'सेफ्टी' म्हणतात, ती पूर्ण रीतसर खेळी आहे, पण कुशनची अट तिलाही आहे. सेफ्टी खेळणाऱ्याला भित्रा म्हणणाऱ्यांना मी गप्प करते. सेफ्टीला पॉटपेक्षा जास्त डोकं लागतं.

फाउलनंतर समोरच्याला 'बॉल इन हँड', म्हणजे व्हाइट हातात घेऊन टेबलावर कुठेही ठेवायची. पुष्कळ बारमध्ये मात्र ती फक्त लाइनच्या मागे, म्हणजे जिथून ब्रेक मारतात त्या रेषेच्या मागे, ठेवू देतात. ब्रेकमध्येच व्हाइट गेली असेल तर स्पर्धेच्या नियमांतही लाइनच्या मागूनच खेळायची पद्धत आहे. गोंधळ तिथूनच येतो.

आणि आठ. आठ पॉट झाला आणि त्याच फटक्यात व्हाइटही गेली, तर हार. आपले बॉल शिल्लक असताना आठ गेला, तर हार. सांगितलेल्या पॉकेटऐवजी दुसऱ्यात गेला, तर हार. आठ टेबलाबाहेर उडाला, तरी हार. पण आठवर नेम धरला, आठ बाहेरच राहिला आणि फक्त व्हाइट गेली, तर तो साधा फाउल. समोरच्याला बॉल इन हँड, खेळ चालू. म्हणजे त्या शनिवारी पहिला मुलगा बरोबर होता. पण कळंगुटच्या ज्या बारमध्ये त्याला 'हरलास' म्हणणारा शिकला होता तिथे तीही हारच धरतात, आणि तो खोटं बोलत नव्हता. आधी काही ठरलं नव्हतं म्हणून मी रॅक पुन्हा लावायला सांगितला. आमच्याकडे हरणारा टेबलाचे पैसे देतो, त्या रॅकचे पैसे मी घेतले नाहीत.

नाइन-बॉलचं थोडक्यात: एक ते नऊ एवढेच बॉल, रॅक चौकटच्या आकाराचा. टेबलावरच्या सगळ्यांत लहान नंबराला व्हाइट आधी लागली पाहिजे, मग कुठलाही बॉल गेला तरी चालतो, आणि नऊ गेला की जिंकलात. ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्याला 'पुश आउट' सांगून व्हाइट हवी तिथे सरकवता येते. समोरचा मग स्वतः खेळतो किंवा तुम्हालाच खेळायला लावतो. ओळीने तीन फाउल केले की रॅक गेला.

स्नूकरचे गुण: लाल एक, पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात. लाल, मग रंग, मग लाल. फाउल चारचा, पण चारपेक्षा मोठ्या रंगाशी संबंध असेल तर त्याच्या किमतीएवढा, सातपर्यंत. फाउलनंतर स्नूकर लागलेला असेल तर 'फ्री बॉल' मिळतो, म्हणजे दुसरा बॉल हवा तो म्हणून खेळता येतो. 'डी' म्हणजे बॉकच्या रेषेवरचं अर्धवर्तुळ. त्याच्या रेषेवर तीन रंग कसे मांडायचे? बॉकच्या बाजूने बघताना डावीकडे हिरवा, मध्ये तपकिरी, उजवीकडे पिवळा.

अनोळखी टेबलावर

बागा, कळंगुट, पाळोळे, कुठेही गेलात आणि बारमध्ये टेबल दिसलं, तर चॉक लावायच्या आधी समोरच्याला एवढं विचारा. व्हाइट गेली तर कुठून खेळायचं, कुठूनही की लाइनच्या मागून? फाउलला एक फटका की दोन? इंग्रजी पबच्या पद्धतीत दोन देतात. पॉकेट प्रत्येक बॉलला सांगायचं, की फक्त आठला? फ्लूक, म्हणजे न ठरवता गेलेला बॉल, धरायचा का? ब्रेकमध्ये आठ गेला तर? स्पर्धेत त्यावर कोणी जिंकत नाही. ब्रेक मारणारा आठ पुन्हा ठिपक्यावर ठेवून पुढे खेळतो किंवा नव्याने ब्रेक मारतो. पण पुष्कळ बारमध्ये तिथेच जिंकलात असं धरतात. आणि आठवर खेळताना नुसती व्हाइट गेली तर हार की फाउल? हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. समोरचा परदेशी असेल तरी शब्द हेच आहेत.

नाणं घालायचं टेबल असेल तर गेलेले बॉल आत अडकतात, फक्त व्हाइट परत येते. ती परत यावी म्हणून इंग्रजी पद्धतीच्या छोट्या टेबलांवर व्हाइट मुद्दाम लहान ठेवतात, बाकीचे बॉल ५०.८ मिलिमीटरचे असतील तर ती ४७.६ मिलिमीटरची. लहान म्हणजे हलकी. हलकी व्हाइट स्क्रूला पटकन मागे येते आणि फॉलोला पुढे जायला कंटाळते. म्हणून रॅक लावण्याआधी एक स्टॉप शॉट मारून बघा, दोन वीत अंतरावरून, बरोबर मध्ये. ती थांबण्याऐवजी जराशी मागे सरकली, तर त्या संध्याकाळी प्रत्येक फटका तुमच्या नेहमीच्या जागेपेक्षा थोडा वर मारा.